घरशाळेचं सामान: आधी काय घ्यावं, काय घरीच करावं आणि काय थांबवून ठेवावं

घरी शिकवायचं ठरलं की पहिला आठवडा खरेदीत जातो. वर्षअखेरीस त्यातलं बरंचसं सामान खोक्यातच पडून असतं, कारण मूल कसं शिकतं हे कळायच्या आत ते घरात आलेलं असतं. एखाद्याला वस्तू हातात घेऊन सरकवल्याशिवाय वजाबाकी कळत नाही, दुसरं मूल तीच तोंडी करून मोकळं होतं. म्हणून पहिल्या महिन्यात तीनच प्रकारचं सामान घ्यावं: लिहिण्याचं, कापण्या-चिकटवण्याचं आणि मोजण्याचं. बाकी कुठलीही वस्तू तिच्यावाचून दोनदा अडल्यावरच घ्यावी. आणि जी वस्तू मोठ्यांनीच काढून द्यावी लागते, ती वापरात राहत नाही हेही खरेदीच्या वेळी लक्षात असू द्यावं.

बसायची जागा

वेगळी खोली नसली तरी चालतं, पण बैठक चुकली तर चालत नाही. मुलाला खुर्चीत पाठ टेकवून बसवा. दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली हवीत, गुडघ्यात काटकोन हवा आणि हात कोपरात वाकवला की टेबल कोपराच्या पातळीला किंवा फार तर दोन-तीन सेंटीमीटर वर यायला हवं. पाय लोंबकळत असतील तर मूल सारखं चुळबुळ करतं आणि आपण म्हणतो, ‘लक्षच नाही.’ टेबल मोठ्यांचंच असेल तर बैठकीवर घट्ट उशी द्या आणि पायाखाली रद्दीने ठासून भरलेलं, चिकटपट्टीने बंद केलेलं खोकं ठेवा. रिकामं खोकं आठवड्यात दबतं.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. नाहीतर लिहिणाऱ्या हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. मान फार वाकत असेल तर सात-आठ सेंटीमीटर जाडीची रिंग फाइल आडवी ठेवून तिच्यावर वही द्या. कण्याकडची जाड बाजू मुलापासून लांब ठेवली की सुमारे 15 अंशांचा उतार मिळतो. लिहिण्यासाठीचा वेगळा तिरका फळा घ्यायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

पेन्सिल, कात्री, डिंक

इथे मात्र काटकसर करू नये. स्वस्त पेन्सिलीचं शिसं मध्यभागी नसतं. टोक काढलं की एका बाजूला लाकूड लांब राहतं आणि कागद ओरखडतो. घेताना पेन्सिलीचा मागचा भाग पाहा, शिशाचा ठिपका बरोबर मधोमध हवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एचबीपेक्षा 2बी बरी. शिसं मऊ असल्याने हलक्या हातानेही गडद उमटतं आणि बोटं दुखत नाहीत. हात स्थिरावला की एचबीवर यावं. अख्खी मूठ वळून पेन्सिल धरणाऱ्या मुलाला पेन्सिलीचा सात-आठ सेंटीमीटरचा तुकडा द्या. मुठीत धरायला लांबीच उरत नाही, त्यामुळे पकड आपोआप तीन बोटांवर येते. त्रिकोणी पेन्सिलीही चांगल्या, पण तुकड्याचं काम त्या तितकं चोख करत नाहीत.

टोक काढताना शिसं सारखं तुटत असेल तर कारणं दोनच: पेन्सिल पडून आतलं शिसं आधीच फुटलं आहे, किंवा शार्पनरचं पातं बोथट झालं आहे. नवीन पेन्सिल लावून पाहा. तीही तुटली तर शार्पनर बदला. जाड आणि बारीक अशी दोन भोकं असलेला धातूचा शार्पनर प्लास्टिकच्यापेक्षा जास्त टिकतो. खोडरबर पांढरा, मऊ विनाइलचा घ्यावा. कडक रंगीत रबर शाई-शिसं पसरवतो आणि कागद फाडतो. निबंधाचा पहिला खर्डा लिहिताना मात्र रबर उचलून ठेवावा. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारली की वाक्य पुढे सरकतं, आणि मूल कुठे अडखळलं हेही कागदावर दिसतं.

कात्री गोल टोकाची, पण धारदार हवी. बोथट कात्री जास्त जोर लावायला लावते आणि म्हणूनच ती जास्त सटकते. डावखुऱ्या मुलासाठी डाव्या हाताचीच कात्री घ्या. तिची पाती उलटी बसवलेली असतात, नुसती मूठ वेगळी नसते. उजवी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो. मग कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो, शिवाय कापायची रेघही पात्याआड जाते. ‘याला कापताच येत नाही’ असं वाटणाऱ्या डावखुऱ्या मुलांच्या बाबतीत आधी कात्री बदलून पाहावी.

कागदावर कागद चिकटवायला ग्लू स्टिक, पुठ्ठ्याला आणि लाकडाला पांढरा डिंक. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, म्हणून पातळ कागद सुरकुततो. तो वापरायचाच असेल तर कडेने बारीक ठिपके द्या आणि सुकेपर्यंत वर जड पुस्तक ठेवा.

फळा आणि वह्या

भिंतीवर एक पांढरा फळा, निदान 60 × 90 सेंटीमीटर, मुलाच्या खांद्याच्या उंचीला. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावला तर तो मोठ्यांचाच होतो. मार्कर नेहमी आडवे ठेवा. टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली उतरते आणि मार्कर संपला असं वाटतं. फळ्यावर चुकून कायमच्या शाईने लिहिलं गेलं तर त्याच रेघांवरून फळ्याच्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतल्या द्रावकात जुनी शाई विरघळते. जुने फिकट डाग राहिले असतील तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावेत. खरखरीत घासणीने फळ्याचा गुळगुळीत थर जातो आणि पुढे प्रत्येक रेघ डाग सोडते.

मांडीवर घेण्याची छोटी पाटी विकत घेऊ नका. ए-4 आकाराच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात पुठ्ठा आणि वर पांढरा कागद सरकवा, झाली पाटी. कागदाच्या जागी दुरेघी कागद, चौकटी, नकाशा, घड्याळाची तबकडी, काहीही सरकवता येतं.

गणिताला 1 सेंटीमीटर चौकटीचीच वही हवी. कोऱ्या किंवा रेघी वहीत अंक डावी-उजवीकडे सरकतात, दशकाखाली एकक येतो आणि येत असलेली बेरीज चुकते. ‘एका चौकटीत एक अंक’ एवढा नियम लावला की हातच्याच्या निम्म्या चुका अंकांच्या रांगा बिघडल्यामुळे होत होत्या, हे लक्षात येतं.

अक्षरओळखीचं साहित्य

बाजारातले तक्ते वर्णमालेच्या क्रमाने असतात. लिहायला शिकताना वळणाच्या क्रमाने जावं: ग, म, भ, न एकत्र; र, स, ख; व, ब, क; प, ष, फ; ट, ठ, ढ; ड, ङ. एकाच वळणाची अक्षरं लागोपाठ आली की हाताला सवय पटकन लागते. प्रत्येक अक्षर 8 × 8 सेंटीमीटरच्या कार्डशीटवर काढा आणि शिरोरेषा सगळ्या कार्डांवर एकाच उंचीला, वरून 3 सेंटीमीटरवर ठेवा. कार्डं शेजारी ठेवली की शिरोरेषा जुळून शब्द तयार दिसला पाहिजे. उंची जुळली नाही तर शब्द तुटक दिसतो आणि मूल अक्षरं सुटी सुटीच वाचत राहतं.

काना, वेलांटी, उकार, मात्रा यांच्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे त्याच मापाचे तुकडे कापा आणि त्यांच्यावर फक्त खूण काढा. ‘क’वर दुसऱ्या वेलांटीचा तुकडा ठेवला की ‘की’ दिसते, तोच उचलून ‘म’वर ठेवला की ‘मी’. खूण तीच राहते आणि अक्षर बदलतं, हे सांगावं लागत नाही. प्लास्टिकवर सीडी मार्करची (कायमच्या शाईच्या पेनाची) शाई टिकते, फळ्याच्या मार्करची पुसली जाते. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून तिच्या तुकड्याला डावीकडे 2 सेंटीमीटर जास्त रुंदी ठेवा आणि कार्डाच्या डावीकडे जागा मोकळी सोडा. जोडाक्षरं बरीच नंतर.

गणित: सगळ्यात जास्त इथे करून घ्यावं

दशमान ठोकळे विकतचे चांगले असतात, पण चौकटीच्या कागदावरून घरी केलेले तितकंच काम करतात. 1 सेंटीमीटर चौकटीचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून सुके एकक 1 × 1, दशकाच्या पट्ट्या 10 × 1 आणि शतकाचे चौरस 10 × 10 असे कापा. तीन अंकी बेरीज-वजाबाकीला, उत्तर हजाराच्या आत असेल तर, किती लागतील? एका स्थानावर दोन अंकांची बेरीज जास्तीत जास्त 18 होते, तेव्हा एकक 25 (काही हरवणारच), पट्ट्या 20 आणि चौरस 10 पुरतात. शंभर-शंभर एकक देणारे संच उलट अडचण करतात. एकक भरपूर असले की मूल दहा सुटे देऊन एक पट्टी घेत नाही, सगळं एककांतच मोजत बसतं, आणि ती अदलाबदल हाच या साहित्याचा जीव आहे.

हजारासाठी आतून 10 × 10 × 10 सेंटीमीटर मापाची पुठ्ठ्याची पेटी करा. तिच्यात प्लास्टिकची पिशवी घालून बरोबर 1 लीटर पाणी ओता. काठोकाठ भरते. घन सेंटीमीटर आणि मिलिलीटर एकच, हे त्या एका पेटीने कायमचं बसतं.

मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, म्हणून अनेक मुलं ऐकल्याबरोबर 52 लिहितात. त्यावर एकावर एक बसणारी स्थानकार्डं उपयोगी पडतात. सगळ्यांची उंची 5 सेंटीमीटर; रुंदी एककाची 4, दशकाची 8, शतकाची 12. 300, 40 आणि 7 ही कार्डं उजव्या कडा जुळवून एकमेकांवर ठेवली की 347 दिसतं, उचलली की शून्यं पुन्हा दिसतात. पंचवीस ऐकल्यावर मुलाने आधी 20 चं कार्ड ठेवायचं, मग त्यावर 5. लिहिणं त्यानंतर.

अपूर्णांकांच्या पट्ट्यांची लांबी 24 सेंटीमीटर घ्या. ही लांबी मुद्दाम निवडलेली आहे: अर्धा 12, एक तृतीयांश 8, पाव 6, एक पंचमांश 4.8, एक षष्ठांश 4, एक अष्टमांश 3, एक दशांश 2.4, एक द्वादशांश 2 सेंटीमीटर. सगळी मापं साध्या पट्टीवर मिलिमीटरपर्यंत अचूक मिळतात. 30 सेंटीमीटर घेतलं तर आठवा भाग 3.75 येतो आणि तिथे चूक होते. प्रत्येक अपूर्णांकाला वेगळा रंग द्या, आधी अख्खी पट्टी पुठ्ठ्यावर चिकटवा आणि मग कापा. तुकडे लॅमिनेट करू नका. प्रत्येकाला कडेने प्लास्टिक वाढतं, आठ तुकडे मिळून ‘एक’पेक्षा लांब होतात आणि जे दाखवायचं होतं तेच खोटं ठरतं.

कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या बिजागरीचा स्क्रू सैल असला तर वर्तुळ सुरू होतं तिथे संपत नाही. स्क्रू आवळा, कागदाखाली पुठ्ठा ठेवा म्हणजे टोक सरकणार नाही, आणि शिशाचं टोक सुईच्या टोकाच्या पातळीला आणा. पट्टी घेताना शून्याची खूण कडेपासून थोडी आत आहे ना ते पाहा. कडेपासूनच शून्य सुरू होणारी पट्टी झिजली की प्रत्येक माप चुकतं. कोनमापकावर दोन मापनपट्ट्या असतात. मोजायच्या आधी ‘हा कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा?’ एवढं विचारलं तर 60 च्या जागी 120 वाचलं जात नाही.

पृथ्वीगोल आणि काळाची पट्टी

पृथ्वीगोल घेताना व्यास पाहा. 30 सेंटीमीटरच्या गोलावर 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर (पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर, भागिले 30). 25 सेंटीमीटरच्या गोलावर तेच 510 होतं. यापेक्षा लहान गोलावर नावं वाचता येत नाहीत. गोलाबरोबर एक न ताणणारा दोरा हवा: दोन शहरांवर ताणून धरा, पट्टीवर मोजा, 425 ने गुणा. विमानं सपाट नकाशावर वाकडी का जाताना दिसतात, तेही या दोऱ्यात कळतं. याच प्रमाणात चंद्र 8 सेंटीमीटरहून किंचित मोठा चेंडू होतो आणि तो ठेवायचा असतो तब्बल 9 मीटरवर; घराबाहेर जावं लागतं. उंचसखल उठावाचे गोल टाळावेत. या प्रमाणात एव्हरेस्टची उंची 0.2 मिलिमीटर भरते, तर त्या गोलांवर डोंगर बोटाला चांगले टोचतात.

इतिहासासाठी कागदाची लांब पट्टी भिंतीवर लावा: 1 सेंटीमीटरला 10 वर्षं, म्हणजे 5 मीटरमध्ये 5,000 वर्षं. इसवी सनापूर्वी 1 नंतर थेट इसवी सन 1 येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, हे आखतानाच सांभाळा. शेवटची 200 वर्षं 20 सेंटीमीटरमध्ये कोंबली जातात आणि तिथे चिठ्ठ्यांची गर्दी होते. त्यांच्यासाठी खाली 1 सेंटीमीटरला 1 वर्ष अशी दुसरी पट्टी जोडावी. पृथ्वीचा इतिहास या पट्टीवर घुसडू नये. त्याला 1 मिलिमीटरला 10 लाख वर्षं हे माप घ्या: साडेचार मीटरची पट्टी, डायनासोर नाहीसे झाले ती खूण उजव्या टोकापासून 6.6 सेंटीमीटरवर आणि आपली मानवजात शेवटच्या 0.3 मिलिमीटरमध्ये.

विज्ञानाचं सामान

आधी भिंग, सूक्ष्मदर्शक नंतर. 5 ते 10 पटींचं भिंग पुरतं. 10 पटींच्या भिंगाचं नाभीय अंतर (वस्तू भिंगापासून साधारण जेवढ्या अंतरावर धरावी लागते ते) सुमारे अडीच सेंटीमीटर असतं, म्हणून ते हात लांब करून धरलं तर काहीच धड दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि पान किंवा किडा भिंगाकडे आणा. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि ‘फार काळ नाही’ ही सवलतही देऊ नये.

सूक्ष्मदर्शक घ्यायचाच तर काचेच्या भिंगांचा, 40 ते 400 पटींचा घ्या. खोक्यावर 1,200 पट लिहिलेल्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकांत प्रतिमा मोठी होते पण बारकावा वाढत नाही, नुसता धुरकटपणा वाढतो. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात नमुना ठेवून झाकणकाच एका कडेवर तिरकी टेकवा आणि हळूहळू खाली सोडा. सरळ ठेवली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मूल त्यांचंच चित्र काढतं.

विजेच्या प्रयोगांसाठी 1.5 व्होल्टचे दोन सेल, सेलधारक, टॉर्चचा छोटा बल्ब, तारा, एक लाल एलईडी आणि 100 ओहमचे काही रोधक (प्रवाह आवरणारे रेझिस्टर). एलईडी थेट सेलांना जोडू नका, रोधक मध्ये हवाच. 3 व्होल्टवर 100 ओहम घातला की साधारण 10 मिलिअँपिअर प्रवाह जातो, तेवढा पुरे. पेटला नाही तर या क्रमाने तपासा: एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे आहे का, तारेचं आवरण पुरतं सोललं आहे का, सेलधारकातली स्प्रिंग सेलला टेकते का. निळ्या-पांढऱ्या एलईडीला जवळपास 3 व्होल्ट लागतात, म्हणून दोन जुन्या सेलांवर ते मिणमिणतात.

बटन सेल आणि छोटे निओडिमियम चुंबक लहान भावंडं असलेल्या घरात आणूच नयेत. गिळलेला बटन सेल अन्ननलिका काही तासांत जाळू शकतो, आणि गिळलेले दोन चुंबक आतड्याची भिंत मध्ये चिमटून तिला भोक पाडतात. काळे फेराइट चुंबक जरा मोठे घेतले की सगळे प्रयोग होतात. थर्मामीटर अल्कोहोलचा किंवा डिजिटल, पाऱ्याचा नको.

प्रिंटर आणि लॅमिनेटर

दर आठवड्याला बरीच पानं छापणार असाल तर काळ्या छपाईचा, दोन्ही बाजूंनी छापणारा लेझर प्रिंटर चांगला, कारण टोनर कोरडी पूड असते आणि पडून वाळत नाही. शाईच्या प्रिंटरची बारीक छिद्रं वापर थांबला की बुजतात. तो असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहा. कामाच्या पानांना 80 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) कागद, कार्डांना 160 ते 200, जलरंगांना 300. पातळ कागदावर जलरंग दिले की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो, मग दोष मुलाच्या हाताला लागतो.

लॅमिनेटर लोक फार लवकर घेतात. महिनाभर प्लास्टिकच्या पाकिटांवर भागवून पाहा. घेतलाच तर कार्डं आधी सुटी कापा, पाकिटात दोन कार्डांमध्ये 8-10 मिलिमीटर जागा सोडा, आणि पुन्हा कापताना प्रत्येक बाजूला निदान 3 मिलिमीटर प्लास्टिक राखा; कागदालगत कापलं की कड उकलते. पाकीट बंद कडेकडून आत घाला. उघडी कड आधी गेली की पाकीट रोलरला गुंडाळतं. मेणखडूची चित्रं वितळतात, थर्मल कागदाची पावती काळी पडते; दोन्ही यात घालू नका.

संगणक

एक पुरतो. भूमितीला जिओजेब्रा, आठ वर्षांपुढच्या मुलाला प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच, विज्ञानाच्या सिम्युलेशनसाठी फेट, आकाशासाठी स्टेलेरियम, आणि इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायला किविक्स. ही सगळी विनामूल्य वापरता येतात. हेडफोन आवाजाला 85 डेसिबलची मर्यादा असलेला घ्या.

ठेवणं आणि नोंदी

मुलाच्या कमरेच्या उंचीपर्यंतचे उघडे कप्पे, पारदर्शक डबे, डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र. झाकण मुलाला एकट्याने उघडता येत नसेल तर ते झाकण काढून टाका. एका वेळी तृतीयांश सामानच बाहेर ठेवा, बाकीचं वर, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. सगळं एकदम समोर असलं की काहीच उचललं जात नाही.

नोंदींचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कुठे तास लिहून ठेवावे लागतात, कुठे वार्षिक चाचणी असते, आणि जर्मनीसारख्या देशात शाळेऐवजी घरी शिकवण्याला जवळजवळ परवानगीच नाही. काहीही विकत घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचावा. नियम नसला तरी एक रिंग फाइल, विषयांचे दुभाजक आणि तारखेचा शिक्का एवढं ठेवा. महिन्याला प्रत्येक विषयाची तीन पानं निवडा, त्यातलं एक अर्धवट जमलेलं असू द्या. कोपऱ्यात ‘एकट्याने’ की ‘मदतीने’ ते लिहा. सहा महिन्यांनी हा एक शब्द नसेल तर ती पानं काहीच सांगत नाहीत. मॉडेल, मातीकाम, मोठी चित्रं यांचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा.